हेलीन : पुराची एक सकाळ आणि त्यानंतरचे ५३ दिवस

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. पितृपक्ष चालू होता. हेलीन चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही (अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातले) ॲशव्हिलकर निवांत होतो. समुद्र चारेकशे किलोमीटर लांब, घर दोन हजार फुटांवर, इथे कसलं वादळ? पण आधीच्या दोन दिवसांच्या पावसानंच डोंगर फुगून बसले होते. त्या दिवशी फ्रेंच ब्रॉड नदी २४.६७ फुटांवर गेली. १९१६ चा २३.१ फुटांचा विक्रम मोडला.

पूर एका सकाळचा. नळाला पिण्यालायक पाणी आलं १८ नोव्हेंबरला! पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात किंवा आसपास जे कोणी मराठी होते त्यांनी लिहा. वादळाचे व्हिडिओ पुष्कळ पाहिलेत, नंतरचं सांगा.

स्वॅननोआच्या काठावरून

मी सांगलीची. आमच्याकडे पूर म्हणजे आकडा. 'आयर्विन किती?' (म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट) म्हणून सगळं गाव विचारत असतं. कोयनेतून किती सोडलं, ते कधी पोचणार, याचा हिशोब शेंबड्या पोरालाही येतो. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तरी सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळाला होता.

इथे पहाटे पाचला ओढ्याचा आवाज ऐकू येत होता. सातला आवाज बंद झाला. बरं वाटलं, ओसरलं म्हणून. खिडकीतून पाहिलं तर ओढाच नव्हता, सगळीकडे एकच तपकिरी चादर आणि त्यात कुणाचा तरी प्रोपेनचा सिलिंडर गरगर फिरत, फुसफुसत चाललेला. त्या वासाची भीती अजून गेली नाही. पासपोर्टांची पिशवी आणि मुलाला घेऊन वरच्या चढावर शेजाऱ्यांकडे गेलो. आईला व्हॉट्सॲपवर 'आम्ही ठीक आहोत' पाठवलं. दोन दिवस त्याला एकच टिक होती.

फेअरव्ह्यू

पाण्याचं सगळे बोलतात, आमच्याकडे दरडी आल्या. मी आंबेगाव तालुक्यातला, माळीण आमच्यापासून लांब नाही. ३० जुलै २०१४ नंतर गावी पाऊस लागला की आजी रात्रभर जागीच असायची. त्या शुक्रवारी मीही तसाच डोंगराकडे तोंड करून बसलो होतो. आमचं घर वाचलं. पलीकडच्या खोऱ्यातली घरं माणसांसकट गेली. याहून जास्त लिहवत नाही.

ॲशव्हिल, पश्चिम भाग (धागाकर्ता)

सांगलीकर, तो वास आम्हालाही यायचा.

आता पाण्याचं. नॉर्थ फोर्क धरणापासून शहराकडे येणाऱ्या मोठ्या वाहिन्याच वाहून गेल्या. २००४ मध्येही सप्टेंबरातच पुरानं असा दणका दिला होता, त्यानंतर एक जादा वाहिनी घातली होती. तीही गेली. ऑक्टोबरच्या मध्यावर नळ सुरू झाले तर तलावच गढूळ. फ्लश चालेल, पिऊ नका. तुरटी घालून गाळ बसवायचं काम चालू होतं. हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे आमच्या आजीच्या रांजणात व्हायचं तेच की!"

तोपर्यंत ओढ्यावरून बादल्या. एका फ्लशला एक बादली, तीही उंचावरून आणि एकदम ओतायची, नाहीतर फुकट जाते. शेजारच्या आजोबांना तांब्यानं आंघोळ शिकवली. अर्ध्या बादलीत माणूस स्वच्छ होतो यावर त्यांचा विश्वासच बसेना. नंतर ते तांब्या परत द्यायलाच तयार नव्हते.

पुण्याहून

माझा भाऊ तिथे होता. शनिवार-रविवार काही पत्ता नाही. आम्ही नकाशावर त्याचं घर आणि नदी यांतलं अंतर मोजत बसलो होतो. सोमवारी फोन आला, अग्निशमन केंद्राच्या वायफायवरून. पहिलं वाक्य, "आईला सांगितलं नाहीस ना?" सांगितलं होतं.

रॅले

आम्ही पुरापासून चार तास लांब, पण पूर हॉस्पिटलात आला. मॅरियनजवळच्या नॉर्थ कोव्हमधला एक कारखाना बुडाला. देशातली सुमारे ६० टक्के सलाईन तिथे बनायची. आम्हाला सूचना आली, पेशंट तोंडानं पाणी पिऊ शकत असेल तर पिशवी लावू नका. एका डोंगराळ खेड्यावर एवढा भार टाकून ठेवला होता, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं!

शार्लट

ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला केबिन घेतली होती. रंग आले, दरवर्षीसारखेच. ब्लू रिज पार्कवे हा डोंगरातला रस्ता बंद, आय-४० महामार्ग पिजन नदीच्या घळईत ढासळलेला. आम्ही पाण्याचे खोके आणि डायपर घेऊन गेलो. लाल-पिवळ्या झाडांच्या खाली, माणसाच्या डोक्याच्या वर, फांद्यांत अडकलेले कपडे. फोटो काढायला मोबाईल वर केला आणि तसाच खिशात ठेवला. एक गोष्ट खटकली ती लिहितोच : मदत म्हणून कुणीतरी जुन्या स्वेटरांचे ढीग पाठवले होते, अर्धे न धुतलेले. जिथे प्यायला पाणी नाही तिथे ते धुणार कोण?

ॲशव्हिल, उत्तर भाग

३ ऑक्टोबरला घटस्थापना होती. घरात वीज नाही, नळ कोरडा. नवरा म्हणाला, यंदा राहू दे. पण माहेरून आलेला घट आहे, मला राहवेना. मातीपासून अडचण. पुराच्या गाळात सांडपाणी, तेल, काय काय मिसळलेलं, हात लावू नका असं गाडीतल्या रेडिओवर सारखं सांगत होते. शेवटी गॅरेजमध्ये कुंड्यांसाठी आणलेली अर्धी पिशवी सापडली. धान्य डब्यात होतंच.

कलशातलं पाणी वाटपाच्या रांगेतून आणलं. बियर बनवणाऱ्या कंपनीनं बियरच्याच डब्यांत भरून पाठवलेलं, पांढऱ्या डब्यांतलं. टचकन डबा फोडला आणि कलशात ओतला. सासूबाईंना फोन लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं घेतलंस?"

म्हटलं, "विकतचं."

पाचव्या दिवशी अंकुर बोटभर झाले होते.