ओल्ड कोर्स सपाट नाही हो!
स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान टीव्हीवर सपाट, म्हणून सोपं वाटतं, असं कुणीतरी लिहिलंय. तिथे उभं राहिलं की हा समज लगेच जातो. फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध पडलेला चेंडूसुद्धा घरंगळत खळग्यात जातो. चौदाव्या होलच्या हेल बंकर नावाच्या वाळूच्या खोल खड्ड्यात माझा चेंडू भिंतीला चिकटून बसला होता. गवताच्या ढेपा एकावर एक रचलेली ती भिंत अगदी नाकासमोर! शेवटी कॅडीचं (बॅग उचलून सल्ला देणाऱ्या सोबत्याचं) ऐकलं आणि मागे मारून बाहेर आलो. कॅडी घ्याच. 7 ग्रीन्सवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) दोन-दोन होल आहेत, जोडीतल्या होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी 18. आणि रविवारी सहसा खेळ बंद असतो, तेव्हा गावकरी कुत्री घेऊन फिरतात. तसं अठराव्या होलवरच्या छोट्या दगडी स्विल्कन पुलापर्यंत एकदा निवांत चालून या.