दिवाळीला घर भरतं तेव्हा: नाशिककरांचे अनुभव

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत लेकी-जावई, मुलं-सुना, नातवंडं सगळी एका घरात. हे कसं निभावता, ते लिहा. फराळाच्या कृती नकोत, त्या घरोघरी आहेत. अंथरुणं, अंघोळी, मुलांचे दिवस यांबद्दल लिहा. आणि जिच्या घरी सगळे उतरतात, तिला घटकाभर बसायला मिळतं का, हेही लिहा. माझ्या मते खरा प्रश्न तोच. सुरुवात मी करते.

इंदिरानगर, आजी
फ्लॅट दोन बेडरूमचा, गिझर लहान. नरक चतुर्दशीला उजाडायच्या आत सगळ्यांचं अभ्यंगस्नान व्हायचं, तर आदल्या रात्रीच तयारी लागते. उटणं वाटीत, तेलाची वाटी गॅसजवळ, प्रत्येकाचा टॉवेल आणि नवे कपडे ज्याच्या त्याच्या पिशवीत. आधी लहान मुलं, मग पुरुष, शेवटी आम्ही, हा क्रम मी मोडून टाकला. आता ज्यांना स्वयंपाकघरात काम आहे त्यांची अंघोळ पहिली. एका बादलीचं पाणी संपेपर्यंत दुसऱ्याला तेल लावून होतं. धाकटी नात कारीट फोडायला पहाटे सर्वांच्या आधी उठून बसते. अंगठ्याखाली ते फुटलं की बी उडतं, आणि ती टाळ्या पिटते.

पंचवटी, आजोबा
माझ्याकडे किल्ल्याचं खातं. सहामाही परीक्षा संपून नातू आले की अंगणात विटा, दगड, जुनी पोती जमा होतात. चिखल नीट मळावा लागतो, पातळ झाला तर बुरूज बसतो. मोठ्याने यंदा पुस्तकात बघून राजगडाच्या तिन्ही माच्या काढल्या, सुवेळा, संजीवनी, पद्मावती. धाकट्याकडे अळीव पेरून पाणी शिंपडायचं काम. अळिवाला चार-पाच दिवसांत हिरवळ येते, म्हणून तो आधी पेरायचा. तोवर धाकटा दर तासाला बघून येतो. किल्ला चालू असला की मोबाइल कुणी मागत नाही, आणि घरातल्या बायकांना सकाळ मोकळी मिळते. एका संध्याकाळी नातवांना काळारामाच्या मंदिरात नेतो. १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, ते त्या दारापाशी उभं राहून सांगतो. मोठ्याने विचारलं, "देवाच्या दारात माणसाला अडवायचेच का?" त्यावर आम्ही घरी येईपर्यंत बोलत होतो.

सिडको, सून
भाऊबीजेचं कुणीतरी लिहायला हवं. नणंदा इथे येणार, आणि माझा भाऊ सिन्नरला वाट बघणार. लग्नानंतर बराच काळ मी नणंदांची जेवणं उरकून, भांडी आवरून संध्याकाळी निघायचे. पोचेपर्यंत भाऊ पेंगुळलेला. शेवटी मोठ्या वन्सं स्वतःच सासूबाईंना म्हणाल्या, "आई, आम्ही माहेरी आलोय, मग तिनं का नाही जायचं?" आता इथली ओवाळणी सकाळी नाश्त्याआधी होते, मी जेवायला सिन्नरला पोचते. त्या दिवशीचा इथला स्वयंपाक नणंदा आणि त्यांचे नवरे करतात. माझ्या मुलांना दोन्हीकडचे मामा-आत्या मिळतात. वन्संचे ते शब्द मी विसरणार नाही.

गंगापूर रोड, आजी
बेंगळुरूची नातवंडं चार दिवसांत घरात कंटाळतात. एक सकाळ पांडवलेण्यांची ठेवतो, उन्हं चढायच्या आत. पायऱ्या आजोबांना झेपत नाहीत, ते खाली फाळके स्मारकात बसतात. २४ लेणी बघून मुलं उतरतात ती भुकेलेली, मग मिसळ. घरी नाश्ता करायचा नाही, हे आधीच ठरलेलं.

नाशिकरोड, आजी
माझे गुडघे गेलेत. चकली आणि अनारसे बचत गटाच्या बायकांकडून आणते, पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून. शेव-चिवडा घरी, कारण तो सगळे मिळून करतात. एक जाऊबाई म्हणाल्या, विकतचा फराळ म्हणजे दिवाळी कसली? मी त्यांना बोलावलं. त्या आल्या तेव्हा नात माझ्या मांडीवर डोकं ठेवून शाळेतल्या मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत होती, अगदी सविस्तर, कोण काय म्हणालं ते. ते ऐकायला मला वेळ होता. सोऱ्या हातात असता तर मी "थांब गं जरा" म्हणाले असते.

तुमच्याकडे पाडव्याला आणि भाऊबीजेला स्वयंपाक कोण करतं, तेही जरूर लिहा.