तांब्यावरून ग्राफीन उतरवायचं कसं?

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ, वीज वाहणारा थर. ‘ग्राफीन मोठ्या आकारात बनतच नाही, म्हणून टचस्क्रीनमध्ये दिसत नाही’ असं म्हटलं जातं, ते तितकंसं खरं नाही. २०१० मध्येच दक्षिण कोरियातल्या सुंगक्युनक्वान विद्यापीठातल्या गटाने ३० इंची फिल्म करून दाखवली होती. तांब्याच्या फॉइलवर साधारण १००० अंश सेल्सिअसला मिथेन सोडला की एका अणूच्या जाडीचा थर जवळपास आपसूक बसतो.

गोची पुढे आहे. तो थर प्लॅस्टिकवर न्यायचा कसा? त्यांनी वर चिकट फिल्म लावली, खालचं तांबं रसायनात विरघळवलं आणि रोलरमधून थर पीईटी या प्लॅस्टिकवर उतरवला. म्हणजे दर खेपेला तांब्याचा बळी! शिवाय या उचलाउचलीत चिरा-सुरकुत्या पडतात नि विजेला होणारा रोध वाढतो, तो वेगळाच. एक थर जेमतेम २.३ टक्के प्रकाश खातो, म्हणून रोध कमी करायला त्यांनी चार थर रचले, नायट्रिक आम्लाने डोपिंग केलं (वीज जास्त वाहावी म्हणून थरावर रासायनिक प्रक्रिया केली). तेव्हा कुठे चौरसामागे सुमारे ३० ओहम रोध आणि ९० टक्के पारदर्शकता हाती लागली. आणि हे डोपिंग हवेत हळूहळू उतरतंही.

टचस्क्रीनमध्ये सध्या वापरलं जाणारं पारदर्शक, वीजवाहक इंडियम टिन ऑक्साइड ठिसूळ आहे, मान्य. पण त्याचे कारखाने उभे आहेत, आणि वाकणाऱ्या पडद्यांसाठी चांदीच्या नॅनोतारा स्पर्धेत आहेतच.