हॉर्नवर भरवसा नको
कोणीतरी लिहिलंय की बाईकवाल्याने हॉर्न वाजवला की कारवाले सरकतात, पण काचा बंद, एसी आणि गाणी चालू, आत काय ऐकू जाणार? गेल्या आठवड्यात नाशिकमध्ये बाईकवर त्र्यंबक नाक्याकडून सातपूरला जाताना डावीकडच्या कारवाल्याने इंडिकेटर न देता एकदम माझ्या अंगावर घेतली, ब्रेक मारला तर मागचं चाक सरकलं, माझा आरसा त्याच्या दाराला घासला, आणि हा हातातल्या मोबाईलमध्येच, मान वर केली नाही हो! २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना असा हातात मोबाईल वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगच धरलंय. मी आता कारच्या पुढच्या चाकाकडे बघतो, गाडी वळायच्या आधी ते हलतं. आणि त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, तिथे रेंगाळायचं नाही. धाकट्या भावालाही हेच सांगितलंय, तो रोज बाईकवर अंबडला जातो.