गणपती पेठ नदीकाठीच राहावी, की आता हलवावी?

पेठेतला थोरला

गेल्या आठवड्यात आमच्या घरात वाजलं. मुलगा म्हणतो, बाबा, पेठेतलं दुकान विकू आणि नदीपासून लांब विश्रामबागला नवीन घेऊ. कारण एकच, कृष्णेचा पूर. २००५, २०१९, २०२१. त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. तरीही सांगलीची गणपती पेठ, आमचा घाऊक किराणा बाजार, हलू नये असं मला मनापासून वाटतं. का, ते लिहितो. ज्यांना पटत नाही त्यांनीही मोकळेपणानं लिहा.

१८०१ च्या आधी सांगली म्हणजे कृष्णाकाठचं लहान गाव. पटवर्धनांच्या घरात वाटणी झाली, चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेतून बाहेर पडले आणि त्यांनी इथं गादी मांडली. गणेशदुर्ग बांधला. नदीकाठी गणपतीचं देऊळ उभारलं, त्याला जोतिबाच्या डोंगरातला काळा दगड आणला, काम तीसेक वर्षं चाललं. बाहेरून व्यापारी बोलावून वसवले. देवळासमोरून गावात शिरणारी वाट म्हणजे आमची पेठ. हरभट रोड, कापड पेठ, सराफ कट्टा, मारुती चौक, सगळं इथून चालत. १९२९ ला आयर्विन पूल झाला आणि सांगलीवाडी, डिग्रज, तुंग, आष्ट्याकडचा माणूस नदी ओलांडली की थेट पेठेच्या तोंडाशी यायला लागला.

आमच्या दुकानाला अजून फळ्या आहेत, शटर नाही. अकरा फळ्या, प्रत्येकीवर आजोबांनी कोरलेला आकडा. २०१९ ला पाणी ओसरल्यावर त्या फुगून खाचेत बसेनात. सुतार म्हणाला, बदला. मी दोन दिवस उन्हात वाळवून रंधा मारून घेतला. सात नंबरची फळी अजून जरा अडते, पण बसते. घाऊक बाजारही असाच असतो, एकाला एक लागून. गिऱ्हाईक चार दुकानं हिंडतं, तेव्हाच भाव ठरतो. एक दुकान इकडं, एक तिकडं गेलं की तो बाजार राहत नाही.

विश्रामबागवाला

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोधात लिहितो. तुम्ही जो इतिहास सांगितला तोच माझ्या बाजूचा आहे. आप्पासाहेबांनी स्वतः मिरज सोडली की! जुनी जागा सोडून नवीन ठिकाणी व्यापारी नेऊन वसवले, म्हणून सांगली झाली. हळदीचा बाजारही मार्केट यार्डात गेलाच ना? सांगलीच्या हळदीचं नाव त्यानं कमी झालं नाही. २०१८ ला तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता पाण्याचं. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. धोक्याच्या खुणेवर बारा फूट! २००५ नंतर चौदा वर्षं गेली आणि मग दोनच वर्षांत परत आलं. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पाणी, लाल म्हणजे शंभरातून एकदा येणारं, असं आपण वाचतो. पण पेठेतल्या माणसानं एकाच आयुष्यात तीन महापूर बघितलेत. फळीवर रंधा मारता येईल. भिजून फुगलेलं तांदळाचं पोतं शिवणीतून फुटतं, गूळ पाण्यात विरघळून जातो, त्याचं काय करणार? तुमच्या मुलानं तुमच्यासारखंच दर पावसाळ्यात रात्री दोनला उठून ‘आयर्विनला किती?’ विचारत बसावं का?

कृष्णाकाठ

विश्रामबागवाले, पेठ म्हणजे नुसतं पोतं नव्हे. याच गावात १८४३ साली आप्पासाहेबांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं. इथल्याच गणेशदुर्गातल्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार तट ओलांडून बाहेर पडले. देवस्थानचा हत्ती पेठेतून निघाला की दुकानदार गादीवरून उठून त्याला नारळ द्यायचे, हे आमच्या पिढीनं बघितलंय. बाजार गेला की या जागांकडं माणूस कशाला येईल? पेठ रिकामी झाली की देवळासमोर नुसतं पार्किंग उरेल.

सांगलीवाडीचा

कृष्णाकाठ, भावना कळते. पण तुरुंग आणि देऊळ हलत नाहीत, किराणा हलतो. आम्ही पलीकडच्या काठाला राहतो, देवळाला येतो ते दर्शनाला येतो, बाजार असो नसो.

हमालाची लेक

माझे वडील चाळीस वर्षं पेठेत हमाली करत होते. २०१९ ला पाणी वाढायला लागलं तसं दोन दिवस, रात्र धरून, त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी पोती माळ्यावर चढवली. शंभर किलोचं पोतं आणि अरुंद लाकडी जिना. त्याच रात्री आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. आई एकटी. मी आणि भाऊ पत्र्याच्या पेट्या कॉटवर ठेवत होतो, मग कॉटसुद्धा बुडाली. वडील तिसऱ्या दिवशी आले तेव्हा आम्ही शाळेतल्या छावणीत होतो.

ज्या दुकानात त्यांनी सगळ्यात जास्त पोती चढवली, त्यांनी पुरानंतर ‘आमचंच नुकसान झालंय’ म्हणून त्या दोन दिवसांची हमाली अर्धीच दिली. नाव घेत नाही. दुसऱ्या एका शेठनी मात्र स्वतः छावणीत येऊन तांदूळ दिला, तेही विसरले नाही.

पेठ हलवा म्हणणारे आणि हलवू नका म्हणणारे, दोघंही मालकाचं बोलताय. विश्रामबागला बाजार गेला तर गावभागातून रोज पहाटे तिथं जायचं भाडं कोण देणार? आणि इथंच राहिला तर पुढच्या पुरात पोती कोण चढवणार? माझा भाऊ चढवणार. वडिलांच्या मणक्यातली गादी सरकली आहे.

विश्रामबागवाला

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जाण्यायेण्याचा खर्च धरूनच बोलायला पाहिजे. पण भावानं पुराच्या रात्री पोतं घेऊन जिना चढू नये, यासाठी तरी माल नदीपासून लांब असावा, असं तुम्हाला नाही वाटत?

हमालाची लेक

माल लांब असावा, वाटतं. दुकान नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हरिपूरकर

यावरून आमची पेवं आठवली. हरिपूरला जमिनीखाली पेवांत हळद ठेवायचे. तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. २००५ ला त्यांत पाणी शिरलं आणि त्यानंतर बरीचशी साठवण गोदामांत गेली. पण हळदीचा भाव मात्र आधीही आणि आताही सांगलीतच फुटतो. साठवण एकीकडं आणि सौदा दुसरीकडं, हे या गावाला नवीन नाही.

पेठेतला थोरला

लेकी, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मुलालाही वाचायला दिलं. अर्धी हमाली देणारा मी नव्हतो, पण त्या रात्री जिन्यावर कोण आहे आणि त्याच्या घरी काय चाललंय, हे मीही कुणाला विचारलं नाही. ते मनाला लागलं.

हरिपूरकरांचं पटलं. विश्रामबागवाल्यांचं अर्धं पटलं. मुलाशी बोलून एवढं ठरलंय: दुकान विकायचं नाही. विश्रामबागकडं उंचावर गोदाम भाड्यानं घ्यायचं आणि मे संपायच्या आत माल तिकडं न्यायचा. पेठेत रोजच्या विक्रीपुरता आणि नमुन्याचा माल, दोन माणसांना तासाभरात हलवता येईल एवढाच. गोदामावर जाणाऱ्यांचं टेम्पोचं भाडं दुकानाकडून. आयर्विनला ३५ फूट झालं की हमालांना घरी सोडायचं आणि त्या दिवसाचा पूर्ण पगार द्यायचा. मुलाचं म्हणणं ३५ नको, ३० धरा. त्यावर अजून बोलणं चाललंय.

तुझ्या भावाला एकदा दुकानावर पाठव. गोदामाचा जिना किती रुंद पाहिजे, हे त्याच्याकडूनच समजून घ्यायचंय.