बँकेचं नाणी मोजायचं मशीन कमी दाखवतं, काय करावं?

सांगलीची लेक (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, मी कॉइन रोल हंटिंग करते. नवीन असतील त्यांच्यासाठी: बँकेतून नाण्यांचे रोल दर्शनी किमतीला आणायचे, एकेक नाणं निरखायचं, चांदीचं निघालं की बाजूला काढायचं आणि उरलेली चिल्लर परत भरायची. माझा जीव हाफ डॉलरवर. एका खोक्यात ५० रोल, रोलमध्ये २० नाणी, म्हणजे १००० नाणी, ५०० डॉलर. १९६४चं हाफ ९० टक्के चांदीचं, १९६५ ते १९७० मधली ४० टक्क्यांची. रोल फोडून नाणी ओळीत लावली की कडा बघायच्या. सगळ्यांवर तांब्याची लालसर रेघ, आणि मधेच एक कड अख्खी पांढरी. ती दिसली की अजूनही हात थांबतो.

गेल्या खोक्यात चार मिळाली. उरली ९९६, म्हणजे ४९८ डॉलर. दुसऱ्या बँकेच्या शाखेत, जिथे माझं खातं आहे, मशीनमध्ये ओतली. पावती आली ४९१ डॉलर ५० सेंटची. तब्बल १३ नाणी गायब! त्याआधीच्या दोन खेपांना ३ आणि साडेचार डॉलर कमी आले होते, तेव्हा मीच चुकले असेन म्हणून गप्प बसले. या वेळी मात्र घरी दोनदा मोजून नेली होती. आमचं सांगलीला किराणा दुकान होतं. रात्री गल्ला मोजताना बाबा दहा-दहाच्या चळती लावायचे, मीही तशाच लावते. त्यात चूक होत नाही.

टेलर (काउंटरवर पैसे घेणारी बँकेची कर्मचारी) म्हणाली, मशीनचा आकडा तोच खरा. एकदा याच मशीनने ३०० डॉलरच्या क्वार्टरचे (२५ सेंटच्या नाण्यांचे) ३०१.७५ दाखवले होते, तेव्हा मी स्वतः सांगून जास्तीचे पैसे परत केले होते. ते तिने घेतले. मग माझे साडेसहा का मिळू नयेत? रक्कम छोटी आहे, पण माझा हिशेब बरोबर असताना खोटं ठरायला मी तयार नाही.

जुना टेलर

ताई, मी सहा वर्षं काउंटरवर काढली आहेत. या मशीनमध्ये फिरती तबकडी असते. नाणी तिच्या कडेला फेकली जातात आणि आकारानुसार आपापल्या फटीतून खाली पडतात, पडताना सेन्सर मोजतो. सेन्सरवर धूळ बसली किंवा नाण्यावर नाणं चढलं की गणित बिघडतं. आणि तुमच्यासारख्यांच्या नाण्यांत हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे रोलच्या कागदाचे कपटे. रोल फाडताना बारीक तुकडे नाण्यांत मिसळतात आणि जाऊन फटीत अडकतात. भरायच्या आधी नाणी पसरून कपटे वेचा. बादली उपडी करू नका, ओंजळी-ओंजळीने सोडा. शेवटी परतीच्या खोबणीत हात घालून बघा.

पावती निघाल्यावर भांडण अवघड जातं. फरक दिसला तर तिथेच उभं राहून मॅनेजरला बोलवा. आमच्याकडे मशीनमधली भरलेली पिशवी पुढे परत मोजली जायची आणि फरकाचा कागद शाखेत यायचा. तारीख, वेळ, रक्कम लिहून द्या आणि पिशवीच्या फेरमोजणीत जास्त निघालं का, हे विचारा.

चळतवाला, टोरांटो

वजन करा ताई! अमेरिकेचं साधं हाफ ११.३४ ग्रॅम, क्वार्टर ५.६७, डाइम (१० सेंट) २.२६८. तिन्हींचं वजन किमतीच्या एकाच प्रमाणात आहे, त्यामुळे कितीही मिसळली तरी एक पौंड म्हणजे २० डॉलर. १०० डॉलरचे २ किलो २६८ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभर-शंभरचे वाटे करा आणि फोटो काढून ठेवा. झिजलेली नाणी थोडी हलकी भरतात, पण एक हाफ कमी असेल तर ११ ग्रॅमचा फरक लगेच दिसतो. निकेल (५ सेंट) आणि पेनी (१ सेंट) मात्र यात धरू नका, त्यांचं प्रमाण वेगळं.

आणि तुम्ही एकट्या नाही. एनबीसीच्या टुडे कार्यक्रमाने ३०० डॉलरची नाणी टीडी बँकेच्या पेनी आर्केड मशीनमध्ये टाकून पाहिली, तर एका मशीनने ४३ डॉलर कमी दिले. २०१६ मध्ये त्या बँकेने ही मशीनं कायमची काढून टाकली.

एडिसनकर

साडेसहा डॉलरसाठी एवढं? मी तर शाखाच बदलली. हाफ कुठेही कमीच येतात, त्यामुळे त्यांची पिशवी छोटी लावलेली असते आणि मधेच भरते. दोन-तीनशेच्या वर एका वेळी नेऊ नका.

सांगलीची लेक (न्यू जर्सी)

सगळ्यांचे मनापासून आभार. एडिसनकर, शाखा मीही बदलू शकते, पण माझ्यामागे रांगेत एक आजोबा नातवाचा गल्ला घेऊन उभे होते. त्यांनी काही मोजून आणलं नसणार.

काल फक्त २०० हाफ नेले. कपटे वेचले, वजन २ किलो २६५, फोटो काढला. टाकण्याआधीच मॅनेजरबाईंना शेजारी उभं केलं. ओंजळीने सोडले तरी आकडा ९७.५० वर थांबला. बाईंनी काही न बोलता झाकण उघडलं. तबकडीच्या खाली, मागच्या कोपऱ्यात, हाफची अख्खी रांग उभी होती. माझी पाच, आणि त्याशिवाय कितीतरी. त्यांनी ती काउंटरवर आणून मोजायला घेतली, मी म्हटलं, दहा-दहाच्या चळती लावा. अडीच डॉलर तिथेच मिळाले. साडेसहाचा अर्ज लिहून दिलाय, त्यावर त्यांची सही घेतली आहे. मशीनवर आता 'बंद' असा कागद लावलाय.

मागच्या दोन खेपांच्या पावत्या शोधतेय. एक सापडली.