मदत हवी आहे: लाल-हिरवा एकत्र विणला की मळकट का दिसतो?

हातमागावर भिंतीवर टांगायचा एक अमूर्त तुकडा विणतेय. आकृती काहीच नाही, नुसते रंगांचे पट्टे आणि चौकोन. ताणा (उभे धागे) गडद लाल सुती, बाणा (आडवे धागे) हिरवा लोकरी, वीण साधी. लडी शेजारी ठेवल्या की दोन्ही रंग झगझगतात, पण विणल्यावर चार पावलांवरून सगळं करडं-तपकिरी. लांबून डोळा बारीक ठिपके एकत्र करतो आणि विरोधी रंग एकमेकांना मारतात, इतपत कळतं. (एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. रसायनतज्ज्ञ शेव्रल यांना दोष रंगाईत नाही, शेजारच्या रंगांत सापडला.) पण उपाय काय?

ताणा पूर्ण झाकेल इतका बाणा ठोकायचा, तर कापड जाड होणार. मला ते हलकं, लोंबतं हवंय. सतीन विणीत एकच रंग वर ठेवला तर? की पट्टे रुंद करून दोन्ही रंग वेगळेच ठेवावेत? मध्ये काळा धागा घालून रंग सुटे करायला कुणीतरी सुचवलंय, पण मग खिडकीचे गज दिसतील अशी धास्ती वाटते. कुणी करून पाहिलं असेल तर नमुन्याचे फोटो टाका, जवळून आणि लांबून दोन्ही.